आधी टीव्हीची सेटिंग बघा

नवीन टीव्ही आलाय, आता रोज थोडा सिनेमा, थोडं गेमिंग, थोडं वाचन असं ठरवलंय, तर सगळ्यात आधी पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेमनी चित्रित होतो. टीव्ही मधल्या जागी अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घुसवतो, आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. चालणाऱ्या माणसाच्या कडेने हवा थरथरल्यासारखी दिसली की समजा, ते चालू आहे. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. सापडलंच नाही आणि टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, त्यात ते बंदच असतं.

गेमसाठी मात्र गेम मोड. बटण दाबल्यापासून पात्राने उडी मारेपर्यंतचा उशीर कमी होतो, हाताला लगेच जाणवतं. एखाद्या लेव्हलवर अडलात तर खुशाल ईझी करा. मला तरी गोष्ट पुढे सरकणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि पुस्तकात पन्नास पानांत जीव रमला नाही तर बाजूला ठेवा. मी अशी ठेवलेली काही पुस्तकं दोन-तीन वर्षांनी एका बैठकीत संपवली आहेत.