कॉस्टिक टाकल्यावर गॅस वाढून परत पडला? आधी सोडियम बघा

भाऊ, एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) गाळात कॉस्टिक सोडा सुरू केल्यावर बायोगॅस थोडा वाढला, मग फेस आला आणि आता गॅस निम्म्यावर आलाय, हे तुमचं वाचलं. कोल्हापुरातच एका खासगी प्लांटवर मी गाळाचं काम बघतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

कॉस्टिकसारखी अल्कली गाळातल्या जिवाणूंच्या पेशी फोडते आणि आतलं विरघळून गॅस करायला मोकळं होतं, हे तुम्हाला माहीत असणारच. आमचं नुकसान झालं ते एका लॅबमुळे. नाव घेत नाही. डोस त्यांनीच ठरवला, आणि विद्राव्य सीओडी (विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाचं माप) वाढला एवढ्यावर 'प्रक्रिया यशस्वी' असा रिपोर्ट दिला. अरे, विरघळलं म्हणजे गॅस झाला का? मिथेन करणाऱ्या जिवाणूंना ते पचायला नको? सोडियम आणि व्हीएफए (गाळ कुजताना होणारी आम्लं) तपासून मागितलं तर म्हणे पॅकेजमध्ये नाही, वेगळं पत्र द्या. पत्र दिलं तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. तोवर डायजेस्टर (गाळ कुजवून गॅस करणारी बंद टाकी) आंबला. आजही आठवलं की संताप येतो.

हिशोब साधा आहे. गाळात ४ टक्के घन म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. किलो घनामागे १०० ग्रॅम कॉस्टिक म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, त्यात सोडियम २.३ ग्रॅम. डोस दुप्पट केला की ४.६. साधारण ३.५ पासून जिवाणूंना त्रास सुरू होतो, ८ च्या आसपास गॅस खूपच घटतो. म्हणून कॉस्टिक फक्त सेकंडरी गाळाला, म्हणजे पाणी शुद्ध करताना वाढलेल्या जिवाणूंच्या गाळाला द्या. प्रायमरी, म्हणजे सुरुवातीलाच तळाशी बसलेला गाळ, तसाही लवकर पचतो, आणि तो नंतर मिसळला की सोडियमही पातळ होतं.

पीएच उतरवायला सल्फ्युरिक ॲसिड घालत असाल तर आधी ते थांबवा. सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं आणि ते गॅसवर चालणारं इंजिन खातं. स्वस्त म्हणून कोणी चुना सुचवेल, पण कॅल्शियममुळे सुटलेलं बरंचसं परत गोळा होतं.

सध्या डोस बंद ठेवा, फीड (डायजेस्टरमध्ये रोज घालायचा गाळ) निम्मं करा. व्हीएफए आणि अल्कलिनिटीचं (आम्ल झेलण्याच्या क्षमतेचं) गुणोत्तर ०.३ च्या खाली येईपर्यंत फीड वाढवू नका.

माझा अनुभव एका प्लांटपुरताच आहे, तुमचा गाळ वेगळा असू शकतो. पण गाळ आधीच २५-३० दिवस आत राहत असेल तर केमिकलचा खर्च निघणं मला अवघड वाटतं. आधी गाळ नीट घट्ट करा, थंडीत तापमान ३५ अंशांवर धरा.

तरी करायचंच असेल तर आधी बाटल्यांत बघा. एकीत साधा गाळ, एकीत कॉस्टिकचा, तिसरीत नुसतं विरजण, म्हणजे चालू डायजेस्टरमधला गाळ. पहिल्या दोन्हींत विरजण सारखंच घाला. तिन्ही ३५ अंशांवर तीन-चार आठवडे ठेवा. आणि नुसता गॅस मोजू नका, मिथेन मोजा. कॉस्टिकच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड पाण्यातच शोषला जातो, त्यामुळे एकूण गॅसचा आकडा फसवतो.