बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) सुरू करतेयस ना, मग हे वाच

अगं आधी घाबरू नकोस, पहिले दोन महिने सगळ्यांचंच डोकं गरगरतं. मी सांगेन दोनच गोष्टी धर, वर्गीकरण (पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर देणं) आणि तालिकीकरण (लेखक, शीर्षक वगैरेची नोंद करणं), बाकीचं होतं हळूहळू.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे १९३१ चे ग्रंथालयाचे पाच नियम पाठ करून परीक्षेत मार्क मिळतात, पण चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, तो खरा कळतो काउंटरवर, समोर रांग असते आणि पुस्तक सापडत नसतं तेव्हा. म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बस, पगार मागू नकोस, फक्त परत आलेली पुस्तकं जागेवर लाव. पुस्तकांवर ड्युई पद्धतीचे विषयवार नंबर असतात, त्यातलं मी सुरुवातीला ८९१.५ हे ८९१.४६ च्या आधी लावलं होतं, का तर ४६ पेक्षा पाच लहान! दशांश आहे तो बाई. अख्खं कपाट पुन्हा लावलं.

नवीन पोरं हमखास चुकतात ते असं:
- नोट्स वाचतात, ड्युईचे खंड उघडतच नाहीत. घरातली वीस पुस्तकं घे, नंबर काढून बघ (८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी, इथून सुरू कर).
- उलटंही, कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) शिकलो की झालं म्हणतात, मग लेखक आणि संपादक यातच गोंधळ.

मार्क (MARC), आरडीए (RDA) वगैरे तालिकीकरणाची मानकं आत्ता राहू दे, त्याचं नंतर विचार.