शॉवर राहू द्या, आधी ते पाकीट काढा

डोंबिवलीचे एक निवृत्त वाचक, वय 63, पेन्शन महिना 32 हजार. 1988 च्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. जुना शॉवर काढून भिंतीत डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) आणि वर मोठा रेन शॉवर बसवायचे प्लंबरने 42 हजार सांगितलेत. करू का, एवढाच प्रश्न. जाता जाता लिहिलंय, ‘पैशांची अडचण नाही. बँकेतल्या मॅडमनी नुकतेच दोन लाख एफडीसारख्या योजनेत ठेवले, लागतील तेव्हा काढता येतात म्हणाल्या. कागद 9 तारखेला कुरिअरने आले.’ सोबत दोन पानांचे फोटो.

फोटो मोठे करून पाहिले. ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. हप्ता दोन लाख, दरवर्षी, दहा वर्षं. पैसे हाती येणार पंधरा वर्षांनी, म्हणजे तुमच्या 78 व्या वर्षी. आणि प्रस्तावात तुमचं वार्षिक उत्पन्न छापलंय 12 लाख! पेन्शन वर्षाला चार लाखसुद्धा होत नाही, त्यातले दोन लाख हप्त्यात गेल्यावर घर कशावर चालवणार? ‘लागतील तेव्हा काढता येतात’ ही शुद्ध थाप आहे.

मिळणार किती तेही बघा. 20 लाख भरून पंधरा वर्षांनी साधारण 30 लाख. ऐकायला छान, पण हिशेब मांडला तर परतावा जेमतेम चार टक्के. साधी एफडीसुद्धा याहून बरी.

पत्र 27 तारखेचं आहे, म्हणून घाईने लिहितोय. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती ‘फ्री लुक’मध्ये परत करता येते. तुमचे 18 दिवस गेलेत. ईमेलवर प्रत आधी आली असेल तर मोजणी तिथून होईल, तेही तपासा. अर्ज बँकेत नको, विमा कंपनीच्या शाखेत द्या. वर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या, घरी येऊन ईमेलही टाका. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमा यांचे पैसे कापून बाकी परत मिळतात. मॅडमचा फोन येईल, ‘काका, नुकसान होईल.’ ऐकून घ्या आणि ठेवून द्या. पैसे आले की पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 2025 मध्ये तिथे 8.2 टक्के होते, त्या दराने दोन लाखांवर दर तिमाहीला चार हजार शंभर.

आता तुमचा शॉवर. तुम्ही टाकीच्या अगदी खाली राहता. दहा मीटर उंचीला एक बार दाब धरतात, तुमची टाकी शॉवरच्या फार तर दोन-तीन मीटर वर असेल. तेवढ्यात रेन शॉवर पाऊस पाडत नाही, ठिबकतो. मग पंप घ्या, म्हणजे आणखी दहा हजार. भिंत फोडली की जुने लोखंडी पाइपही बदलायला निघतील. वॉटरप्रूफिंग फाटून खालच्यांच्या छताला ओल आली तर तो खर्चही तुमच्याच माथी. साधा बाहेरून बसणारा वॉल मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) आणि हँड शॉवर सात-आठ हजारांत होतो, टाइल फोडावी लागत नाही.

त्याआधी एक करा. जुन्या शॉवरची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. निम्म्या वेळा क्षार निघाले की धार परत येते.