जवळच्या जैन मित्राला न दुखवता येशूबद्दल कसं सांगावं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजपासूनचा मित्र जैन आहे, त्याला येशूबद्दल सांगावंसं वाटतं पण त्याला अपमान वाटेल अशी धास्ती आहे, तर सुरुवात कुठून करू. मी जन्माने ख्रिस्ती, घरात वडील-चुलते सगळेच मंडळीच्या कामातले, आणि तुम्ही जी चूक करायला घाबरताय ती मी करून बसलोय म्हणून लिहितोय.

आधी कुठून सुरुवात करू नका ते सांगतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीपासून नको. आपल्याला लहानपणापासून वाटतं की देवाचं प्रेम सांगायचं तर याहून सोपी गोष्ट नाही, मलाही वाटायचं. मी चोवीस वर्षांचा होतो, माझ्या जैन मित्राच्या आईला मी मावशी म्हणायचो, अर्धं बालपण त्यांच्याच घरात गेलं. एकदा चातुर्मासात त्यांनी स्वतःहून विचारलं, 'अरे तुमच्या येशूची एखादी गोष्ट सांग ना.' मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी रंगवून सांगितली, मुलगा वाटणी घेऊन गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची वेळ आली, परत आला तर बाप धावत जाऊन गळ्यात पडला, झगा दिला, अंगठी दिली, पायात जोडा दिला. मावशींचे डोळे भरले होते. आणि मग मी त्याच भरात सांगून गेलो की बाप म्हणाला पुष्ट वासरू आणून कापा, आपण आनंद करू.

मावशी एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'याचा मुलगा घरी आला. त्या वासराच्या आईचं काय?'

मी म्हणालो, 'मावशी, मुद्दा तो नाहीये.'

हे वाक्य मला आजही टोचतं. ज्या बाई पाणी गाळून, उकळून पितात, सूर्य मावळला की तेही नाही, कंदमूळ उपटलं तर त्यातले अनंत जीव जातात म्हणून आयुष्यभर बटाटा न खाल्लेल्या, त्यांच्यासाठी मुद्दा तोच होता. त्या हळूच म्हणाल्या, 'बाप चांगला असेल रे, पण त्या घरात मी जेवले नसते.'

घरी येऊन चुलत्यांना सांगितलं. ते म्हणाले, तू नरकाचं सांगितलंच नाहीस म्हणून ती उलटून बोलली, या लोकांना सरळ विचारायचं की तुमच्या धर्मात देवच नाही मग तुमचं तारण कोण करणार. ते हे खरंच विचारायचे, दुकानात पत्रकं वाटताना, मालक जैन आहे हे माहीत असून. आमचा वाद तिथून सुरू झाला तो त्यांच्या शेवटापर्यंत चालला.

चुलते चुकत होते. जैन माणसासाठी विश्व अनादि आहे, ते कुणी निर्माण केलं हा प्रश्नच त्याला पडत नाही, त्यामुळे त्याच्याकडे काहीतरी कमी आहे असं धरून बोललात की संपलं. कर्म तिथे म्हणजे नुसता पापपुण्याचा हिशोब नाही, ते आत्म्याला चिकटणारं सूक्ष्म द्रव्य आहे, आणि ज्याचं त्यानेच तपाने झाडून टाकायचं, त्याला निर्जरा म्हणतात. तीर्थंकरसुद्धा दुसऱ्याचं कर्म पुसत नाहीत, वाट दाखवतात. अशा माणसाला 'येशूने तुझं पाप आपल्यावर घेतलं' हे वाक्य आनंदाचं नाही वाटत, अन्यायाचं वाटतं, माझं दुसऱ्याने का भोगायचं? वधस्तंभाचं सांगायचंच नाही असं मी म्हणत नाही, तोच आपला विश्वास आहे, पण ही अडचण खरी आहे हे मान्य करून सांगा. आणि अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात आणि एका विधानात ते पूर्ण मावत नाही हा जैन विचार, म्हणजे 'तुमचंही बरोबर आमचंही बरोबर' असं समजून त्याला त्यात पकडू नका, तसं ते नाहीये. तुमचा मित्र हे पहिल्यांदा ऐकतोय असंही समजू नका. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती मित्र गांधीजींच्या मागे लागले होते तेव्हा त्यांनी धर्माबद्दलचे प्रश्न लिहून पाठवले ते मुंबईतल्या जैन जवाहिऱ्याला, श्रीमद् राजचंद्रांना, आणि त्यात ख्रिस्ती धर्माबद्दलचेही होते.

तर त्याच वर्षी मावशींनी पर्युषणात, म्हणजे चातुर्मासातल्या त्यांच्या आठ दिवसांच्या पर्वात, अठाई केली, आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. शेवटच्या दिवशी संवत्सरीचं प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभरातल्या चुका कबूल करायचा विधी, झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या, अंगात जीव नसताना, आमचा जिना चढून आल्या. माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, मिच्छामि दुक्कडम्, त्या दिवशी तुझ्या देवाबद्दल बोलले, तुला लागलं असेल. चूक माझी आणि माफी त्या मागतायत. मला काही सुचेना, मी बायबल आणून मत्तयाचा पाचवा अध्याय वाचून दाखवला, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. 'हे येशू म्हणाला?' एवढंच विचारलं. मग मीही हात जोडून माफी मागितली, वासराबद्दल.

माझ्या आयुष्यातली खरी साक्ष, म्हणजे येशूबद्दल खरं सांगणं, मी तेवढीच मानतो. चुलते म्हणाले, मग ती बाप्तिस्मा घ्यायला आली का? नाही आल्या. शेवटपर्यंत जैनच राहिल्या. पण माझ्या वडिलांशी अकरा वर्षं न बोललेल्या माणसाने, दर रविवारी हाच अध्याय उघडून बसणाऱ्या माणसाने, मला फळ विचारावं? मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो, मावशी जिना चढून आल्या, तुम्ही अंगण ओलांडून या. ते आले नाहीत.

हे सगळं एका घरावरून सांगतोय, श्वेतांबर पंथाच्या. मित्र दुसऱ्या, दिगंबर पंथाचा असेल तर त्यांचं दशलक्षण पर्व दहा दिवसांचं असतं आणि रीतीही वेगळ्या, त्यालाच विचारा. आणि कायद्याचंही लक्षात असू द्या, राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करू देतं पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमिष, दबाव तर सोडूनच द्या.

मित्राने स्वतःहून विचारेपर्यंत थांबा. विचारलं तर मत्तय ५ उघडा. उधळ्या पुत्राची गोष्ट कधी निघालीच तर वासरू गाळून सांगू नका, आणि त्याने वासराबद्दल विचारलं तर मी म्हणालो ते म्हणू नका.