एनएफसी टॅगचा छोट्या धंद्याला खरा उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की काउंटरवरचा रिव्ह्यूचा स्टँड सोडला, तर एनएफसी टॅगचा, म्हणजे फोन टेकवला की आत भरलेली लिंक उघडणाऱ्या छोट्या चिपचा, छोट्या धंद्यात आणखी काय उपयोग होतो.

माझं मत आधीच सांगतो. टॅग गिऱ्हाइकासाठी लावायच्या आधी आपल्या माणसांसाठी लावा. गिऱ्हाइकाच्या हातात कुठला फोन असेल ते आपल्या हातात नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी नसतंच. कामावरच्या पोरांचे फोन मात्र आपण बघून घेऊ शकतो.

आमचं काम एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचं, कोल्हापुरात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये आमची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार आहे. पूर्वी प्रत्येक मशीनला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक हिस्ट्री कार्ड टांगलेलं असायचं. ऑइल आणि फाउंड्रीची काळी धूळ मिळून काही महिन्यांत त्याचा असा चिखल व्हायचा, की सेपरेटर (हवेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) कधी बदललाय ते वाचताच यायचं नाही. क्यूआरचे स्टिकरही लावून पाहिले. पुसून पुसून त्यावर चरे पडले आणि कॅमेऱ्याने दाद देणं बंद केलं.

आता पॅनेलच्या दारावर दहा रुपयांच्या नाण्याएवढा टॅग आहे. त्यावर धुळीचा थर असला तरी बिघडत नाही, कारण तो दिसावा लागत नाही. पोरगा फोन टेकवतो आणि त्या मशीनचं पान उघडतं: शेवटचं ऑइल कधी बदललं, तेव्हा अवर मीटरवर मशीनचे किती तास झाले होते, कुठला फिल्टर बसतो. खाली फॉर्म, त्यात मशीनचा नंबर आधीच भरलेला. वेळ वाचतो हे खरं, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. एका शेडमध्ये एकाच मॉडेलची तीन मशीनं शेजारी शेजारी असली, की एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडायची. ते आता थांबलं. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गुगल फॉर्ममध्ये एखादा रकाना आधीच भरलेली लिंक काढता येते, आम्ही तीच वापरतो.

फक्त ती लिंक लांबलचक असते, आणि टॅगमध्ये जागा अगदी थोडी. सर्रास मिळणाऱ्या एनटॅग 213 या चिपच्या टॅगमध्ये 144 बाइट, म्हणजे इंग्रजी सव्वाशेच्या आसपास अक्षरं. म्हणून टॅगमध्ये आपल्या वेबसाइटची छोटी लिंक भरा आणि तिथून फॉर्मकडे वळवा. उद्या फॉर्म बदलला तरी टॅगला हात लावावा लागत नाही.

वेबसाइट आपलीच हवी, हे मी पोळल्यामुळे सांगतोय. सुरुवातीला एका विक्रेत्याकडून आम्ही तयार टॅग घेतले होते. लिंक त्याच्या साइटवरून फिरून आमच्याकडे यायची. त्याने धंदा गुंडाळला, साइट बंद पडली आणि एका दिवसात सगळे टॅग निकामी झाले. पुन्हा लिहावेत म्हटलं, तर त्याने ते कायमचे लॉक करून दिले होते, आणि तसं लॉक उघडत नाही. विकत घेताना हे दोन प्रश्न विचाराच: लिंक कुणाच्या डोमेनवर, म्हणजे कुणाच्या वेबसाइटच्या पत्त्यावर आहे, आणि टॅग लॉक आहे का? अर्थात उघडा टॅगही सोडू नका. कुणीही फोन लावून त्यात भलतीच लिंक भरू शकतो. आधी नीट तपासा, मग लॉक करा किंवा पासवर्ड घाला.

लोखंडाचं मात्र ध्यानात ठेवा. टॅगला बॅटरी नसते. फोनच्या 13.56 मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते, त्यामुळे फोन तीन-चार सेंटिमीटरच्या आत न्यावा लागतो. पत्रा हे क्षेत्र मारून टाकतो. टेबलावर झकास चाललेले आमचे साधे स्टिकर पॅनेलला चिकटवल्यावर वाचलेच जाईनात. त्यासाठी मागे फेराइटचा (पत्र्याचा परिणाम अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) थर असलेले ‘ऑन-मेटल’ टॅग मिळतात. थोडे महाग पडतात, पण मशीनवर तेच घ्या. गरम होणाऱ्या भागापासून लांब लावा.

वॉचमनच्या फेऱ्या किंवा हजेरीसाठी कुणी साधा टॅग सुचवला तर सावध राहा. एकदा उघडलेली लिंक माणूस घरी बसूनही पुन्हा उघडू शकतो. तो खरंच तिथे गेला होता याचा पुरावा हवा असेल, तर एनटॅग 424 डीएनएसारखी चिप लागते. ती दर टेकवण्याला लिंकमध्ये नवा कोड घालते आणि सर्व्हर तो तपासतो. महाग मालाची नक्कल ओळखायलाही हीच चिप वापरतात.

गिऱ्हाइकासाठी लावायचाच असेल, तर शेजारी क्यूआर छापा आणि दोन्हींच्या लिंकची शेपटी, म्हणजे शेवटची अक्षरं, वेगळी ठेवा, म्हणजे कोण काय वापरतंय ते कळेल. आयफोन एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचे फोन ॲप न उघडता टॅग वाचतात, स्क्रीन तेवढी चालू हवी. आयफोनचा वरचा भाग टेकवायचा. अँड्रॉइडमध्ये एनएफसी सुरू आणि फोन अनलॉक असावा लागतो, आणि जागा बहुधा पाठीवर कॅमेऱ्याच्या आसपास. ‘इथे टेकवा’ असं चित्र काढलं नाही, तर माणूस दोनदा फोन लावून सोडून देतो.

सुरुवातीला दहाच टॅग घ्या. एनएफसी टूल्स हे मोफत ॲप लिहायला पुरतं. महिनाभर आपल्याच यंत्रांवर किंवा कपाटांवर वापरून पाहा, आणि तोवर एकही लॉक करू नका.