खोलीतला उजेड आणि झाडाला मिळणारा उजेड

प्रश्न : माझ्याकडे आफ्रिकन व्हायोलेटचे एक रोप आहे. बैठकीच्या खोलीत खिडकीपासून सात-आठ फुटांवर असलेल्या मेजावर ते ठेवले आहे. खोलीत दिवसभर चांगला उजेड असतो आणि पानेही गडद हिरवी, टवटवीत दिसतात; मात्र वर्षभरात एकही फूल आलेले नाही. ऊन कमी पडत असावे असे वाटून कुंडी एक दिवस उघड्या बाल्कनीत ठेवली, तर पानांवर तपकिरी डाग पडले. आता कुंडी नेमकी कोठे ठेवावी?

उत्तर : आपल्या रोपाला आधी बराच काळ उजेड अपुरा मिळाला आणि मग एका दिवसात न सोसण्याइतका मिळाला. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे उजेडाचा अंदाज आपण डोळ्यांनी घेतो, आणि त्या कामी डोळ्यांवर विसंबता येत नाही. अंधुक जागी डोळ्याची बाहुली मोठी होते, प्रखर जागी ती आकुंचते, शिवाय दृष्टीही उजेडाला सरावते. त्यामुळे दोन जागांतला शेकडो पटींचा फरकही आपल्याला किरकोळ भासतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात उजेडाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असते. थेट ऊन येत नसलेल्या चांगल्या खिडकीला लागून ती काही हजारांवर येते, आणि खोलीच्या मध्यावर अनेकदा काही शेच उरते. वाचायला तेवढा उजेड पुरतो, फुलायला पुरत नाही.

झाड उजेडाच्या बळावर साखर तयार करते. त्या साखरेवर आधी मुळे आणि पाने जगतात, आणि त्यातून काही शिल्लक राहिले तरच कळ्या धरतात. आपल्या रोपाचा गडद हिरवा रंग आपल्याला निरोगीपणाचा वाटतो. परंतु या झाडाच्या बाबतीत पाने फार गडद होणे आणि देठ लांबून वरच्या दिशेने उभे राहणे ही बहुधा उजेडाच्या उपासमारीची खूण असते. अपुऱ्या उजेडात वाढलेली पाने उन्हाला तोंड द्यायला तयार झालेली नसतात. अशा पानांवर एकाएकी ऊन पडले की, वापरता येईल त्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा ती शोषून घेतात आणि पेशी होरपळतात. पडलेले डाग भरून येणार नाहीत. तरीही सगळी पाने खुडू नयेत, कारण नव्या पानांचे पोषण सध्या त्यांच्याच हिरव्या भागावर चालते.

ही वनस्पती मूळची पूर्व आफ्रिकेतील टांझानिया आणि केनियाच्या डोंगराळ जंगलांतली असून, तेथे ती सावलीतल्या खडकाळ उतारांवर वाढते. वर झाडांचे छत असल्याने तिला उजेड मिळतो, पण ऊन गाळून मिळते. घरात याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे पूर्वेच्या खिडकीचा काठ. सकाळचे कोवळे ऊन तासभर पानांवर आले तरी चालते. खिडकी पश्चिमेची असेल, किंवा उत्तर गोलार्धात दक्षिणेची असेल, तर मध्ये पातळ पांढरा पडदा हवाच.

जागा निवडताना एक साधी चाचणी करावी. निरभ्र दिवशी दुपारच्या सुमारास पानांच्या फूटभर वर हात धरावा. सावलीच्या कडा रेखीव पडल्या तर ती जागा या रोपासाठी प्रखर आहे. हाताचा आकार ओळखू येतो पण कडा मऊ आहेत, तर जागा योग्य आहे. सावली जेमतेम दिसली तर फुलांची अपेक्षा ठेवू नये. आणखी एक करावे : पानांच्या उंचीवर डोळे आणून खिडकीकडे पाहावे. तेथून आकाश दिसतच नसेल, तर खोली कितीही उजळ वाटली तरी ती जागा गैरसोयीचीच समजावी.

आता कुंडी एका झटक्यात काठावर न नेता दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने खिडकीकडे सरकवावी. रोप एका बाजूला झुकू नये म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव वळणाने फिरवावी. उजेड वाढला की माती लवकर सुकते, हेही ध्यानात असावे. मधली नवी पाने मध्यम हिरवी आणि आडवी पसरू लागली, तर उजेड जुळला असे समजावे. ती पिवळट पडून दाट गोळा होऊ लागली, तर थोडे मागे घ्यावे. खत वाढवून उजेडाची उणीव भरून निघत नाही, आणि नत्र जास्त असलेल्या खताने तर पानेच माजतात.

प्रश्न : माझा कलांचो भरपूर उजेडाच्या खिडकीत आहे, वाढतोही छान, पण विकत आणला तेव्हाची फुले गळल्यावर पुन्हा बहर आला नाही. असे का?

उत्तर : आपल्याकडे उजेड पुरेसा दिसतो, कमी पडत असावा तो अंधार. काही वनस्पती दिवस आणि रात्र यांच्या लांबीवरून कळ्या धरण्याची वेळ ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडले. कलांचो हा लांब रात्रीवर फुलणाऱ्यांपैकी आहे. खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहिला, तर त्याच्या लेखी रात्र झालेलीच नसते. सुमारे सहा आठवडे रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत सलग 14 तास कुंडीवर खोके उपडे घालावे आणि दिवसा तिला पूर्ण उजेड द्यावा. मध्येच दिवा लावून पाहण्याचा मोह टाळावा. कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की खोके घालणे बंद करता येते.

प्रश्न : घरात चांगली खिडकीच नसेल तर दिव्यावर फुलझाड वाढते का?

उत्तर : आफ्रिकन व्हायोलेट उत्तम वाढते. पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा पानांपासून 20 ते 30 सेंटिमीटरवर टांगावा, रोज 12 ते 14 तास चालू ठेवावा आणि रात्री न चुकता बंद करावा. जास्वंद आणि गुलाब यांचा मात्र घरातल्या साध्या दिव्यावर हट्ट धरू नये. त्यांना रोज पाच-सहा तासांचे थेट ऊन लागते.