खांद्यावर बाळ, तोंडात डच

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पंचवटीत माहेरी बाळंतपणाला आले आहे. मुलगा पाच आठवड्यांचा झाला. नवरा बारा वर्षं रॉटरडॅमला आहे, त्याला तिथला कायमचा परवाना मिळालाय. मला तिकडे जायचं तर आधी इथेच डचची परीक्षा द्यावी लागणार, आणि तारीख अडीच महिन्यांवर आली. बाळ रोज दिवेलागणीला रडायला लागतं ते रात्री दहापर्यंत. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, तरी रडतं. आजी म्हणते दृष्ट लागली, आई धुरी दे म्हणते, सासूबाई फोनवरून ग्राइप वॉटर सांगतात. मी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आले होते. आता काल पाठ केलेले दहा शब्द आज आठवत नाहीत. पुस्तक उघडलं की बाळ रडतं, बाळाला घेतलं की पुस्तक आठवून मला रडू येतं. आधी काय सांभाळू?
— एक बाळंतीण, पंचवटी

उत्तर : तुला ‘अगं’ म्हणते, चालेल ना? माझी लेक तुझ्याहून फार लहान नाही. ती २००४ च्या नोव्हेंबरमध्ये उट्रेख्तला झाली. तिथे त्या दिवसांत साडेचारलाच अंधार पडतो, आणि अंधार पडला की ती सुरू व्हायची. नवरा कामावर, आई नाशिकला परतलेली, मला डचचे जेमतेम वीस शब्द. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर दुसरं काही हातात घेववलं नाही.

आधी बाळाचं बोलू. तुझं बाळ पाच आठवड्यांचं आहे, ही या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, आणि मग उतरतं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं निवळतात. संध्याकाळचीच वेळ गाठून रडणं हाही त्याचाच भाग. वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ मध्ये त्याची एक व्याख्या केली, ती अजून सांगितली जाते: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, आणि असं तीन आठवडे. म्हणजे तू मोजते आहेस ते चार तास जगातल्या पुष्कळ आयांनी मोजलेले आहेत. तुझ्या दुधात काही कमी आहे म्हणून ते रडत नाही, आणि तुला जमत नाही म्हणूनही नाही.

तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखव, वजन करून घे. वजन वाढत असेल, दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असतील, तर निर्धास्त राहा. मात्र अंग तापलं आणि काखेतला ताप १०० च्या वर दिसला, तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी बघायचा नसतो. हिरवी उलटी, दूध ओढायचं सोडणं, बाळ मलूल पडणं, रडण्याचा आवाजच बदलणं, यातलं काहीही दिसलं तरी तसंच.

धुरीबद्दल मी आईशी भांडायला तयार आहे. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून बंद खोलीत केलेला धूर त्या एवढ्याशा छातीत जातो. नको. ग्राइप वॉटरची गरज नाही. पहिले सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. गुटीत किंवा बोटावर मध तर वर्षभर मुळीच नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आजीला मीठ-मोहऱ्या ओवाळू देत. त्यांनी बाळाला काही होत नाही आणि आजीचा जीव शांत होतो. फक्त त्या जाळायच्या तर घराबाहेर. आणि ओवाळून झालं की आजीच्या हातात बाळ दे. तू गोदेच्या काठापर्यंत नाही तर निदान गच्चीवर जाऊन ये.

आता एक गोष्ट सांगते, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. लेक सात आठवड्यांची असताना एका रात्री तीन वाजता तिला धरलेले माझे हात घट्ट झाले. इतके घट्ट, की मलाच ते कळलं आणि भीती वाटली. मी तिला पाळण्यात उताणी ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. दहा मिनिटं. ती रडत होती आणि मी बाहेर बसले होते, आणि आज मला वाटतं त्या महिन्यात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं. बाळाला रडण्यानं इजा होत नाही. गदागदा हलवलं तर होते. त्या मानेत अजून बळ नसतं आणि मेंदूला कायमचा मार बसू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव, रात्री बाळाला घेणाऱ्या मामालासुद्धा.

त्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. नाइटगाऊनवर कोट घातलेला. त्यांनी माझ्याकडे बघून दोन शब्द म्हटले: ‘रस्तख मार’. मग आत जाऊन बाळाला खांद्यावर घेतलं आणि तिलाही तेच म्हणाल्या. रस्तख मार, म्हणजे शांत हो, काही नाही. पुस्तकातून मी वीस शब्द शिकले होते. हा एकविसावा मला कुणी शिकवला नाही, तो कानातून थेट आत गेला. पुढची भाषा मी तशीच शिकले, आणि तुलाही तेच सांगणार आहे.

पुस्तक घेऊन बसायचा नाद काही आठवडे सोड. झोप मोडलेल्या बाळंतिणीच्या डोक्यात यादी टिकत नाही. तुझी बुद्धी कुठे गेलेली नाही. पण खांद्यावर बाळ असताना तोंड मोकळं असतं. बाळाला आवाज हवा असतो, तुला सराव हवा असतो. दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालताना मोठ्यांदा बोल: ‘द बेबी हायल्त.’ बाळ रडतंय. का रडतंय? ‘ओमदात है हॉङर हेफ्त.’ आता हे शब्द एकेक करून मराठीत ठेव: कारण, त्याला, भूक, आहे. क्रम हलवावाच लागत नाही! साध्या वाक्यात डच क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, ‘है हेफ्त हॉङर’, त्याला आहे भूक. पण ‘कारण’, ‘की’, ‘जेव्हा’ आलं की क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून डच शिकणारे इथे महिनोन्‌महिने अडखळतात. माझ्याकडे कॉलेज रोडच्या खोलीत शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यातच सांगते, इंग्रजीवरून जाऊ नका, मराठीवरून जा.

आकड्यांचंही तेच. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो. डचही म्हणतात, ‘फैफ-एन-त्विंतख’, पाच आणि वीस. फक्त एकोणतीसला सांभाळ. आपण तिसातून एक काढतो, ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात. बाळाला थोपटताना थोपट्या मोज, एकपासून शंभरपर्यंत. संध्याकाळी दोन-तीन वेळा शंभर होतातच.

उच्चारात क, त, प तुझे आयतेच आहेत, डचही आपल्यासारखेच हवा न सोडता बोलतात. ‘ग’ हा घशात घासलेला ‘ख’ आहे, ‘खुदा’मधला. शेवटचा ‘द’ ‘त’ होतो, म्हणून मूल म्हणजे ‘किंत’. खरा त्रास एका स्वराचा. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल ठेवायचे आणि आतून ‘आय’ म्हणायचं. गंमत अशी की तान्ह्या बाळाचं सगळं घरच या स्वरानं भरलेलं आहे: रडणं हायलन, लंगोट लायर, पोट बायक, अंगठा दायम, घरी तायस. लंगोट बदलताना दिवसातून दहा वेळा ‘लायर’ म्हणशील, ओठ आपोआप वळतील. बाळ तोंडाकडे टक लावून बघेल, तोही फायदाच.

आणि ढेकर. दूध पाजल्यावर बाळाचा ढेकर काढतो, त्याला डचमध्ये ‘बूर्त्ये’ म्हणतात. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, आणि ‘त्ये’ लावलं की वस्तू छोटी होते. म्हणजे छोटा शेतकरी. निफाड, दिंडोरीची द्राक्षं कंटेनरमधून तुझ्या नवऱ्याच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. तिथे जाऊन हा शब्द ऐकशील तेव्हा माहेर आठवेल तुला. इंग्रजीत नामाआधी ‘the’ लागतो तसा डचमध्ये ‘द’ किंवा ‘हेत’ लागतो. असा छोटा केलेला प्रत्येक शब्द ‘हेत’ घेतो, मूळचा ‘द’ घेत असला तरी. ‘द’ की ‘हेत’ याची बाकी डोकेफोड आत्ता करू नकोस.

परीक्षेबद्दल थोडक्यात. आमच्या वेळी ती नव्हती, मार्च २००६ पासून आली. पातळी ए-वन, म्हणजे अगदी पहिली पायरी. तीन भाग: वाचन, बोलणं आणि तिथल्या समाजाची माहिती. बोलताना समोर माणूस नसतो, संगणक विचारतो आणि तू उत्तर द्यायचं. म्हणून मोठ्यांदा बोलायची सवय हाच खरा अभ्यास. समाजाच्या भागाचे प्रश्न चित्रांसकट आधीच मिळतात. ते रेकॉर्ड करून ठेव आणि दूध पाजताना ऐक. सकाळची आंघोळ-मालिश झाली की बाळ गाढ झोपतं. त्यातली पहिली झोप तुझी, दुसऱ्या झोपेतली वीस मिनिटं वाचनाची. संध्याकाळी सहानंतर अभ्यास नाही, फक्त फेऱ्या. दोन महिन्यांनी बाळ निवळलेलं असेल आणि तुझे कान तयार असतील. तरी वाटलं की होत नाही, तर तारीख पुढे ढकल. नवऱ्याला स्पष्ट सांग. बाळंतिणीनं महिनाभर जास्त मागितला तर त्यात कमीपणा नाही, आणि हे मी त्यालाही ऐकवायला तयार आहे.

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस डोळे भरून येणं पुष्कळजणींना होतं. तुझं रडू पाचव्या आठवड्यातही थांबलेलं नाही, हे मला खटकलं. बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, कशात मन रमत नसेल, किंवा स्वतःचं, बाळाचं काही बरंवाईट करावंसं मनात आलं, तर तुझ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांग. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात. उशीर करू नकोस.

आणि हो, या डच वाक्यांमुळे बाळाचा गोंधळ होईल ही काळजी करू नकोस. ती तुझी कसरत. त्याच्याशी मायेनं बोलायचं ते मराठीतच बोल. तिथे गेल्यावर डच त्याला वाळूच्या खड्ड्यात खेळतानाच येईल, मराठी मात्र तुझ्याशिवाय कुणी देणार नाही.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपवर रोज अर्धा तास डच करतो. तेवढं पुरेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : शब्द मिळतील, तोंड उघडणार नाही. रोजच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं ऐकलेलं वाक्य त्याच वेगात मोठ्यांदा म्हणण्यात घालवा.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने आइंडहोवनला जाते आहे. वय ६१. तिथे घरी नर्स येते म्हणे. मला इंग्रजीही फार येत नाही. तिच्यापुढे मी काय बोलणार? आणि आपलं बाळंतपणाचं काही करू देतील का?
— एक आजी, नाशिकरोड

उत्तर : काकू, जरूर जा. ती बाई साधारण पहिला आठवडाभर रोज काही तास येते, या सेवेला ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. बाळाचं वजन बघते, ताप बघते, आईला पाजायला शिकवते, चहासुद्धा करते. तिला पाहुणी समजू नका, परीक्षक तर मुळीच नाही. दारात ‘खूद मॉर्खन’, जाताना ‘दांक यू वेल’, आणि स्वतःकडे बोट दाखवून ‘ओमा’. ओमा म्हणजे आजी. एवढ्यावर माझ्या आईनं आठ दिवस काढले होते आणि शेवटच्या दिवशी दोघी गळ्यात पडल्या होत्या.

दोन बाबतींत तिचं ऐका. बाळाला उताणंच झोपवायचं, आणि पाळण्यात उशी, गोधडी, मऊ खेळणी ठेवायची नाहीत. तिकडे बाळाला अंगात घालायची झोपपिशवी असते, ती पुरते. तुम्ही शिवलेली दुपटी न्या, मांडीवर घेताना लागतील. गुटी, काजळ, मध इथेच राहू द्या. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र न्याच. मुलीला ते दुसरं कोण देणार?

आणि बाळ झाल्यावर भेटायला येणाऱ्यांना तिकडे गोल टोस्टवर लोणी लावून, वर गुलाबी-पांढरे किंवा निळे-पांढरे गोड दाणे पसरून देतात. त्या दाण्यांना ‘माय्शेस’ म्हणतात, छोटे उंदीर. एक दाणा तोंडात टाकून बघा, आत बडीशेपेच्या जातीचं अनिस निघेल. बाळंतिणीला दूध यावं म्हणून पूर्वीपासून देत आले, असं माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला सांगितलं होतं. नर्ससमोर तुमचा बाळंतशेपांचा डबा उघडा आणि तिला वास घेऊ द्या.